असाच, पण जरा बारीक

गेले तीन-चार विकांत मी एकाच पुस्तकावर घालवले. पुस्तक म्हणणंही तसं बरोबर नाही, कारण त्याला शिवणच नाही. मोठाले सुटे कागद, प्रत्येकावर रेघांनी काढलेली इमारतीच्या भागांची चित्रं, आणि ते ठेवायला एक जाड पुठ्ठ्याचं कव्हर. नाव 'जेपोर पोर्टफोलिओ ऑफ आर्किटेक्चरल डीटेल्स'. पहिले भाग १८९० साली निघाले, शेवटचा बारावा १९१३ साली. तयार करणारे गृहस्थ सॅम्युएल स्विंटन जेकब. जयपूर संस्थानात १८६७ पासून पुढे तीसेक वर्षं बांधकाम खातं सांभाळणारे लष्करी इंजिनियर. म्हणजे आपल्यातलेच, फक्त मिशा मोठ्या :)

आता कोणी म्हणेल, दिवसभर कोड लिहिणाऱ्याने शनिवार-रविवारी राजस्थानातले खांब का बघत बसावं? कारण असं, की मला शोधायचा होता 'चित्रावरून चित्र शोधणं' ह्या प्रकाराचा इतिहास. आमच्या धंद्यात तो १९९२ च्या आसपास सुरू झाला असं शिकवतात. मला तो शंभर वर्षं आधी ह्या सुट्या कागदांत सापडला.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. आर्किटेक्ट माणूस काम करताना सतत जुनं काहीतरी आठवत असतो. जिना काढायचा तर पाहिलेले जिने, खिडकी काढायची तर पाहिलेल्या खिडक्या. त्याची नक्कलच करायची असते असं नाही. कधी ते टाळायचं असतं, कधी त्यातलं प्रमाण तेवढं उचलायचं असतं. माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे. जुन्या घरांची डागडुजी हे तिचं काम. ती एकदा मोबाइलवर एका लाकडी खांबाचा फोटो दाखवून मला म्हणाली, "अरे, तुमच्या त्या कॉम्प्युटरला सांग ना, असाच पण जरा बारीक खांब दाखव म्हणावं." वाक्य साधं आहे. पण 'असाच' म्हणजे कशात असाच? आकारात, नक्षीत, लाकडात, काळात, की तुळईचं वजन खाली आणण्याच्या पद्धतीत? गेल्या सव्वादोनशे वर्षांतल्या लोकांनी ह्या एका शब्दाची वेगवेगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तराप्रमाणे इमारती बदलल्या.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. जाँ-निकोला-लुई ड्युराँ नावाचा शिक्षक एकोल पॉलिटेक्निकमध्ये वास्तुरचना शिकवायचा. ती शाळा इंजिनियरांची. वास्तुरचनेला वेळ थोडा, पोरांना पुढे पूल, बराकी, इस्पितळं बांधायची. १८०० च्या आगेमागे त्याने एक प्रचंड चित्रसंग्रह छापला. त्यात त्याने एक मोठी युक्ती केली. एका पानावर एकाच प्रकारच्या इमारती, आणि सगळ्या एकाच मापात! देवळं एका पानावर, नाट्यगृहं दुसऱ्या, बाजार तिसऱ्या. देश कुठला, शतक कुठलं, हे दुय्यम. नजर फिरवली की कोण मोठं, कोण छोटं, कोणाचा आराखडा कोणासारखा, हे लगेच कळतं. आजच्या भाषेत त्याने सगळा डेटा नॉर्मलाइज केला आणि 'इमारतीचा उपयोग' ह्या कॉलमवर इंडेक्स बांधला. एकच माप वापरणं ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे मात्र वेगळंच झालं. जेम्स फर्ग्युसन हा निळीच्या धंद्यात पैसा केलेला स्कॉटिश माणूस. त्याने हिंदुस्थानभर फिरून इमारती पाहिल्या आणि १८७६ साली भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेचा मोठा इतिहास लिहिला. त्याने वर्गीकरण केलं ते धर्म आणि वंश ह्यांवर. बौद्ध, जैन, द्राविड, चालुक्य, इंडो-आर्यन, इंडियन सारसेनिक असे कप्पे. इतिहास लिहायला हे कप्पे सोयीचे असतील, पण समजा तुम्हाला कठडा काढायचा आहे. मग सगळे कप्पे उघडा, प्रत्येकात कठडा शोधा. शिवाय कप्प्यांमुळे असं वाटायला लागतं की देवळातला खांब आणि मशिदीतला खांब ह्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. अहमदाबादच्या मशिदी पाहिलेल्या कोणालाही विचारा, तिथल्या पाथरवटांनी हे कप्पे कधी मानलेच नव्हते.

इंग्लंडात तर त्याहून मजा. बॅनिस्टर फ्लेचर बापलेकांचं वास्तुकलेच्या इतिहासाचं पुस्तक १८९६ ला निघालं आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ते वापरलं. त्याच्या १९०१ च्या चौथ्या आवृत्तीत जगाचे दोन भाग केले : 'ऐतिहासिक शैली' आणि 'अनैतिहासिक शैली'. भारत, चीन, जपान वगैरे मंडळी दुसऱ्या भागात. म्हणजे वेरूळचं कैलास अनैतिहासिक! हा राग मी पूर्वीही कुठेतरी काढला आहे, असो. मुद्दा एवढाच की विद्यार्थ्याचा हात ज्या पानावर पहिल्यांदा पडतो त्या पानावर काय छापलंय, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. सर्च रिझल्टचं पहिलं पान तेव्हाही होतं.

ह्याच काळात फोटोही आले. मुंबई सरकारने १८५५ साली कर्नल बिग्ज ह्यांना विजापूर, ऐहोळे, बदामी अशा ठिकाणचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. १८६६ मध्ये अहमदाबाद, विजापूर आणि धारवाड-म्हैसूर ह्या भागांच्या वास्तूंचे मोठे फोटोग्रंथ लंडनला छापले गेले. अहमदाबादच्या ग्रंथाला आश्रय दिला होता प्रेमचंद रायचंद ह्यांनी. हो, तेच ते, मुंबईच्या कापूस-शेअरच्या फुग्यातले, ज्यांच्या पैशातून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या टॉवरचं डिझाइन करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. सगळं लंडनहून, कागदावर. चित्रांच्या जोरावर दुसऱ्या खंडात इमारत उभी करता येते, हे तोवर सिद्ध झालंच होतं.

आता परत जेकबसाहेब. त्यांनी फर्ग्युसनचे कप्पे उचलून बाजूला ठेवले आणि ड्युराँसारखं, पण त्याच्याही खाली उतरून काम केलं. अख्ख्या इमारती नाहीत, इमारतीचे अवयव. पहिला भाग जोतं आणि वरची कोपिंग, दुसरा खांब, तिसरा कोरीव दारं, चौथा ब्रॅकेट, पाचवा कमानी, सहावा कठडे. पुढच्या भागांत नक्षीचे पट्टे, भिंतींची सजावट, छत्र्या आणि घुमट, झरोके. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, राजपुताना, सगळीकडचे ब्रॅकेट एकत्र. हिंदू-मुसलमान एकाच गठ्ठ्यात. आणि कागद मुद्दाम सुटे, म्हणजे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, तुलना करायची, हवा तो उचलायचा. आजचा कुठलाही चित्रशोध हेच करतो, थंबनेलची जाळी मांडतो आणि आपण बोट ठेवतो.

पण मला ह्याहून आवडलेली गोष्ट निराळी आहे. त्या कागदांवर नुसतं समोरून दिसणारं चित्र नाही. चित्रं मोजून मोठ्या मापात काढलेली आहेत आणि जिथे गरज तिथे उभा-आडवा छेद दिलेला आहे. ही चित्रं काढली जयपूरच्या देशी ड्राफ्ट्समननी. हा संग्रह काम करणाऱ्यासाठी होता. पाथरवटाला फोटो देऊन उपयोग नसतो. गोलाई किती खोल, कंगोरा कुठे वळतो, हे त्याला छेदावरून कळतं. जयपूरचं अल्बर्ट हॉल म्युझियम (१८८७ ला उघडलं) जेकब ह्यांनीच बांधलं. ते बघताना हा सगळा खजिना एकाच इमारतीत ओतलाय असं वाटतं.

आणि इथेच टीकाही सुरू होते. नंतरच्या इतिहासकारांनी म्हटलं की अशा संग्रहामुळे भारतीय वास्तुकला म्हणजे सुट्या भागांचं दुकान झालं. छज्जा इथला, जाळी तिथली, आत मात्र साहेबी ऑफिस. कॉपी-पेस्ट. टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं, पण दोष सगळा गठ्ठ्याचा नाही. कारण त्याच काळात चांगली उदाहरणंही आहेत. जॉर्ज विटेटचं मुंबईचं म्युझियम घ्या (तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय). पायाभरणी १९०५, घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाप. आणि आत नाशिकच्या एका वाड्यातली लाकडी कमानींची चौकट विकत घेऊन बसवलेली. किंवा त्याचंच गेटवे ऑफ इंडिया, १९२४ ला पुरं झालेलं, सोळाव्या शतकातल्या गुजराती शैलीचा धागा धरून. ह्या दोन्ही इमारतींत उचललेले भाग आहेत, पण ते एकमेकांशी बोलतात. विटेटला भाग सापडले ही त्यातली निम्मीच गोष्ट. कुठला भाग किती मोठा करायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे त्याचं त्याने ठरवलं.

मधली पन्नास-साठ वर्षं मी पटकन ओलांडतो. आधुनिकतावाद्यांना जुनी चित्रं नकोच होती (निदान तोंडाने तरी). १९७७ मध्ये ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' लिहिलं. त्यात २५३ पॅटर्न, प्रत्येकात अडचण काय आणि तोडगा काय. आर्किटेक्ट लोकांनी त्याला थोडं दुरूनच नमस्कार केला. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र कल्पना उचलली आणि १९९४ साली चौघांचं ते प्रसिद्ध 'डिझाइन पॅटर्न्स' आलं, जे मुलाखतीच्या आदल्या रात्री प्रत्येकजण वाचतो. तेव्हा ह्या धंद्याचं आमच्यावर जुनं कर्ज आहे. चित्रशोध ही त्याची परतफेड म्हणायची.

परतफेडीचा पहिला हप्ता १९९२ चा. जपानमध्ये तोशिकाझू काटो ह्यांनी 'आशयावरून चित्र शोधणं' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांच्या प्रयोगात ट्रेडमार्क होते, चित्रसंग्रह होता. मग आयबीएमची क्यूबीआयसी प्रणाली आली, जी १९९९ मध्ये रशियाच्या हर्मिटाज म्युझियमच्या संकेतस्थळावरही बसवली गेली. रंग निवडा, ते कॅनव्हासवर कुठे हवेत ते दाखवा, तशी चित्रं येतील. पेंटिंगसाठी हे छान चालतं. इमारतीसाठी? लाल विटांचं हायकोर्ट दिलं तर टोमॅटोची टोपली यायची शक्यता चांगली. कारण इथे 'असाच' म्हणजे 'ह्याच रंगांचा'.

ह्याच सुमारास अमेरिकेत मार्क ग्रॉस आणि एलन डू ह्यांनी जे केलं ते मला फार लोभस वाटतं. प्रणालीचं नाव 'इलेक्ट्रॉनिक कॉकटेल नॅपकिन'. आर्किटेक्टला हॉटेलात बसल्या बसल्या कागदी रुमालावर रेघोट्या मारायची सवय असते, म्हणून हे नाव. पेनाने स्क्रीनवर ढोबळ आकृती काढायची, मधोमध चौकोन, भोवती चार गोल, अशी. संगणक आकृतीतले भाग आणि त्यांची मांडणी ओळखून साठवलेल्या उदाहरणांतून तशा मांडणीच्या इमारती पुढे करायचा. इथे 'असाच' म्हणजे 'ज्याचे भाग एकमेकांच्या असेच शेजारी आहेत'. आर्किटेक्ट खरोखर कसा विचार करतो त्याच्या हे फार जवळ होतं. अडचण नेहमीची : प्रत्येक उदाहरण कोणीतरी बसून भरायला हवं. भरणार कोण?

मग फोटोंचा पूर आला आणि सगळी दिशाच बदलली. १९९९ मध्ये डेव्हिड लोव ह्यांनी सिफ्ट नावाची पद्धत मांडली. चित्रातले ठळक बिंदू शोधायचे, प्रत्येकाच्या आसपासचा तुकडा १२८ आकड्यांत मांडायचा, असा की फोटो फिरवला, लहान-मोठा केला तरी आकडे फारसे हलू नयेत. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या सिविक आणि झिसरमन ह्यांनी त्यावर झकास युक्ती लढवली. हे आकडे म्हणजे जणू शब्दच समजा. सारख्या तुकड्यांना एकच 'दृश्य शब्द' द्या, मग फोटो म्हणजे शब्दांची पिशवी, आणि मजकूर शोधायची सगळी जुनी यंत्रणा जशीच्या तशी वापरा. मला हे पहिल्यांदा वाचून इतका आनंद झाला होता की हॉस्टेलवर दोघातिघांना बळंच ऐकवलं होतं.

आणि ह्या पद्धतीची परीक्षा कशावर घेतली? इमारतींवर! २००७ चा ऑक्सफर्ड बिल्डिंग्ज संच, ५०६२ फोटो, ११ वास्तू, ५५ प्रश्न. मग २००९ मध्ये रोमच्या दीड लाख फोटोंमधून, सुमारे ५०० कोअर जुंपून, एका दिवसाच्या आत शहराच्या वास्तूंची त्रिमिती रचना काढून दाखवली गेली. लोक थक्क झाले, व्हायलाच हवं होतं.

पण जरा थांबून माझ्या मैत्रिणीचा प्रश्न आठवा. ह्या पद्धतीला रॅडक्लिफ कॅमेराचा फोटो दिला तर ती रॅडक्लिफ कॅमेराचेच आणखी फोटो आणते. 'असाच' म्हणजे 'हाच'! पर्यटकाला, पोलिसाला, नकाशेवाल्याला हे सोनं. आर्किटेक्टला मात्र ती इमारत आधीच माहीत आहे, त्याला दुसरी हवी आहे. शिवाय इमारतीत एकसारख्या खिडक्यांची रांग असते, त्यामुळे ही खिडकी तिसरी की सातवी ह्यात यंत्राचा गोंधळ उडतो तो वेगळाच.

वास्तुकलेच्या दृष्टीने खरा वळणाचा निबंध माझ्या मते २०१२ चा. कार्ल डोर्श, एफ्रोस आणि सहकाऱ्यांनी विचारलं, पॅरिस पॅरिससारखं कशामुळे दिसतं? आयफेल टॉवर नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी अनेक शहरांचे रस्त्यावरचे फोटो घेतले आणि यंत्राला असे तुकडे शोधायला लावले जे पॅरिसमध्ये वारंवार दिसतात पण इतरत्र नाहीत. उत्तर आलं : खिडक्यांचे लोखंडी कठडे, रस्त्यांच्या निळ्या पाट्या, दिव्यांचे खांब. अमेरिकन शहरांत मात्र यंत्राला वेगळं म्हणावं असं काही फारसं सापडेना, बऱ्याचदा मोटारगाड्याच सापडल्या! कठडे, खांब... जेकबसाहेबांचा सहावा आणि दुसरा भागच की हा.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहेच. त्याच वर्षापासून न्यूरल नेटवर्कचं राज्य आलं. २०२१ मध्ये क्लिप आलं, ४० कोटी चित्र-मजकुराच्या जोड्यांवर शिकलेलं. आता फोटोही द्या, वर 'पण जरा बारीक' असं लिहूनही द्या, दोन्ही एकाच अवकाशातले बिंदू होतात आणि जवळचे शेजारी मिळतात. म्हणजे मैत्रिणीचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं चालतं. जवळजवळ.

कारण मी ते करून पाहिलं. वाईकडच्या एका वाड्यातल्या सुरूच्या खांबाचा फोटो. खाली दगडी तळखडा, वर निमुळता होत गेलेला खांब, त्यावर महिरप. चित्रशोधाला दिला. आले ते खांब सुंदर होते, पण बहुतेक राजस्थानातल्या हॉटेलांच्या लॉबीतले, आणि काही तर चक्क लग्नाच्या मांडवातले, थर्मोकोलचे. यंत्राचा दोष नाही. त्याने ज्या फोटोंतून 'भारतीय कोरीव खांब' शिकला त्यांत हॉटेलं लाखांनी आणि वाडे मूठभर असणार. ज्याचे फोटो जास्त तेच 'जवळचं'. फ्लेचरने निदान मुद्दाम लिहिलं होतं की आम्ही अनैतिहासिक आहोत. इथे कोणी काही लिहीत नाही, आपण आपोआप पाचव्या पानावर जातो.

आणि दुसरी अडचण अधिक मोठी. जे आलं त्यात माप नाही आणि छेद नाही. खांब सहा फुटी की दहा, लाकडाचा की फायबरचा, तळखड्यात तो कसा बसवलाय, तुळईला वर कसा धरतो, फोटोत ह्यातलं काही येत नाही. मैत्रिणीला डागडुजीसाठी नेमकं तेच हवं होतं. सुताराला फोटो दाखवला तर तो बाहेरची नक्षी कोरून देईल, आत काँक्रीटचा खांब आणि वर लाकडाची साल. अशी 'वाडा स्टाइल' रिसॉर्टं आता हमरस्त्याला किती झाली आहेत ते तुम्ही पाहताच. ड्युराँचं एक माप आणि जेकबचा छेद, ह्या दोन गोष्टी आम्ही चित्रशोधातून गाळल्या आणि उरला तो चेहरा.

पुण्यातले नदीकाठचे किती वाडे १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले, बाकीचे पेठांमधून एकेक करून पुनर्विकासात जात आहेत. जो खांब मोजला गेला नाही तो गेल्यावर कुठलंही मॉडेल तो परत काढून दाखवणार नाही. दाखवेल ते हॉटेल.

तर सध्या आमचं दोघांचं असं चाललंय : ती छेद काढते, मी फोटो घेतो, प्रत्येक फोटोत एक मापाची पट्टी उभी. नोंदी जेकबच्या क्रमाने, गावानुसार किंवा घराण्यानुसार नाही. खांब एकीकडे, तळखडे एकीकडे, महिरपी एकीकडे. आतापर्यंत एकोणचाळीस खांब झालेत. शोधायचा कोड जेमतेम दोनशे ओळींचा आहे, तो लिहायला एक रविवार पुरला. एका खांबाचा छेद नीट काढायला मात्र अख्खी सकाळ जाते, आणि घरातल्या आजी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत तो वेळ निराळा. पुढच्या शनिवारी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघायला जातोय. कोणाकडे जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचे नकाशे, सुताराची मापं लिहिलेली वही, असं काही पडून असेल तर कळवा. रद्दीत घालू नका.